गच्चीवरून घारीची पिल्लं बघताना

एप्रिल अर्धा सरला की परळ-लालबाग-दादरकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पार्किंगमध्ये, जिन्याच्या टोकाला किंवा गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला एक मोठा तपकिरी पक्षी बसलेला असतो, डोळे वटारून. खाली मजकूर: 'गरुड पडला आहे, कोणाकडे पक्षीवाल्यांचा नंबर आहे का?' तो गरुड नसतो, घारीचं पिल्लू असतं. आणि बऱ्याचदा त्याला काहीही झालेलं नसतं. ते उडायला शिकत असतं, आणि शिकताना मधेच कुठेतरी उतरावं लागतं, एवढंच.

हा सगळा शिकण्याचा काळ मुंबईत घरबसल्या बघता येतो. त्यासाठी जंगल लागत नाही, महागडा कॅमेरा लागत नाही. एक बरी दुर्बीण, थोडी चिकाटी आणि मुख्य म्हणजे हात आवरण्याची सवय एवढ्यावर भागतं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, म्हणून या लेखातली बरीचशी जागा तिलाच दिली आहे.

शहरात शिकारी पक्षी बघण्याचं वेड नवं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसमोर, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या ९२७ क्रमांकाच्या इमारतीवर 'पेल मेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका रेड-टेल्ड हॉकनं १९९०च्या दशकात घरटं केलं. उद्यानातल्या तळ्याकाठी बाकांवर बसून माणसं वर्षानुवर्षं त्याची पिल्लं उडताना बघत असत. डिसेंबर २००४मध्ये इमारतीच्या रहिवाशांच्या संस्थेनं ते घरटं काढून टाकलं, तेव्हा लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात घरट्यासाठीचा आधार पुन्हा बसवावा लागला. आपल्याकडे तो पक्षी नाही. आपल्याकडे घार आहे, आणि ती इतकी आहे की तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. खरं तर एवढा मोठा शिकारी पक्षी, पंख पसरले की जवळजवळ दीड मीटर भरणारा, ट्रॅफिकच्या डोक्यावर संसार थाटतो हे जगातल्या फार थोड्या महानगरांच्या वाट्याला आलेलं आहे. भारताला पक्षी बघायला शिकवणारे सलीम अली लहानाचे मोठे झाले ते गिरगावातल्या खेतवाडीत. तेव्हा पक्षिनिरीक्षण हे शहराबाहेर जाऊन करायचं काम आहे, असं निदान गिरगावकरांनी तरी म्हणू नये.

आधी घार ओळखा

आकाशात फिरणारी घार ओळखायची ती शेपटीवरून. शेपूट मधोमध खाचलेली, मासळीच्या शेपटीसारखी. उडताना घार ती सारखी डावी-उजवीकडे पिळते, वळण घेते ते शेपटीच्या जोरावर. शेपूट गोल असेल तर दुसरा पक्षी. किनाऱ्याकडे डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी असा पक्षी दिसला तर ती ब्राह्मणी घार. गोंधळ होतो तो ब्राह्मणी घारीच्या पिल्लाचा, कारण ते तपकिरीच असतं. तिथेही शेपटीचा गोलावा बघायचा. कबुतराएवढा, छातीवर आडव्या रेघा असलेला, झाडाझाडांतून सुळकन निघून जाणारा शिक्रा असतो.

थंडीत मध्य आशिया, सैबेरियाकडून येणाऱ्या घारीही आपल्या घारींत मिसळतात. त्या थोड्या थोराड असतात, पंखांखाली पांढरा पट्टा जास्त ठळक असतो. पण उन्हाळा लागता लागता त्या परततात. एप्रिल-मेमध्ये घरट्याभोवती दिसते ती आपली इथलीच.

आता पिल्लू. घरट्याबाहेर आलेलं पिल्लू आकारानं जवळजवळ आईएवढंच असतं, त्यामुळे 'पिल्लू' शब्दावर जाऊन चिमुकलं काही शोधू नका. त्याच्या डोक्यावर आणि छातीवर फिकट, साईच्या रंगाच्या रेघा-ठिपके असतात, पंखांवरच्या पिसांच्या कडाही तशाच फिकट. डोळ्याभोवती काळसर डाग उठून दिसतो. शेपटीची खाच उथळ. मोठी घार एकसारखी मातकट तपकिरी दिसते. पिल्लू त्या मानानं नवंकोरं, कुणीतरी इस्त्री करून दिल्यासारखं.

आवाज ओळखायला शिकलात तर अर्धं काम झालं. घारीची लांब, थरथरत खाली येणारी शीळ सगळ्यांनी ऐकलेली असते. पिल्लाची हाक तशीच, पण बारीक, अधीर, आणि थांबत नाही. सकाळी सात-साडेसातला एकाच झाडातून अशी हाक पुन्हा पुन्हा येत असेल आणि मधेच एकदम वाढत असेल, तर खाणं घेऊन कुणीतरी आलेलं आहे.

कुठे बघाल

घार उंच आणि जाड फांद्यांचं झाड शोधते. मुंबईत ते बरेचदा रेन ट्री असतं, नाहीतर वड, पिंपळ, चिंच, सोनमोहर. दादर-माहीमकडे नारळाच्या शेंड्यातही घरटी असतात. मिलीबगच्या किडीनं गेल्या दशकात शहरातले पुष्कळ रेन ट्री वाळले, त्यामुळे जिथे जुना रेन ट्री टिकून आहे तिथे आधी बघावं. झाडं नाहीत तिथे मोबाइल टॉवर, फ्लडलाइटचे खांब, होर्डिंगच्या मागचा सांगाडा, यांवरही घार काटक्या रचते.

दादरला शिवाजी पार्कचा कट्टा ही बसायला उत्तम जागा. कट्ट्यावर क्रिकेटकडे पाठ करून बसायची तयारी मात्र हवी. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्सचा परिसर त्याहून शांत. तिथले रस्ते झाडांनी झाकलेले असल्यामुळे घरटं रस्त्यावरून दिसणं कठीण, पण तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या ओळखीच्या घरातून छान दिसतं. परळला केईएम, टाटा, वाडिया, हाफकिन या संस्थांच्या आवारांत जुनी मोठी झाडं आहेत. तिथे दुर्बीण घेऊन आत हिंडू नका. इस्पितळात माणसं वेगळ्याच काळजीत आलेली असतात. बाहेरच्या फुटपाथवरून, किंवा समोरच्या चाळीच्या गॅलरीतून बघता येतं. लालबागला झाडं कमी, पण गिरण्यांच्या उरलेल्या चिमण्या आणि नव्या टॉवरांच्या कडा या घारींच्या बसायच्या जागा आहेत, आणि उडायला लागलेली पिल्लं तिथे ओळीनं बसलेली दिसतात.

भायखळ्याची राणीची बाग १८६०च्या दशकापासूनची, तिथली झाडं शहरात क्वचितच आढळतील एवढी जुनी आणि पसरलेली. बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. लोक पेंग्विन बघायला रांग लावतात; तुम्ही वर बघा. गिरगावातून मलबार हिलची झाडी जवळ. डुंगरवाडी ही पारशी समाजाची अंत्यविधीची जागा आहे, तिथे आत जायचा प्रश्नच नाही. पण त्या बाजूनं येणाऱ्या घारी चौपाटीवरून आणि आसपासच्या गच्च्यांवरून भरपूर दिसतात. भाऊचा धक्का आणि ससून डॉकवर घारींचे थवे असतात, पण ते बाजाराला आलेले. तिथे उडणं बघावं, घरटं शोधू नये.

घरटं शोधण्याची एक सोपी युक्ती म्हणजे जानेवारीत घारीच्या पायांकडे बघणं. काटकी, चिंधी, वायरचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी, असलं काही पायांत धरून ती जात असेल तर ती कुठे उतरते ते बघा. घारीला चिंध्या-प्लास्टिकचं भारी वेड. स्पेनमधल्या दोन्याना अभयारण्यात झालेला अभ्यास २०११मध्ये 'सायन्स'मध्ये आला होता: तिथल्या घारी घरट्यात पांढरं प्लास्टिक मांडतात, आणि ज्या जोड्या ताकदवान, चांगल्या जागा धरून असतात त्यांची सजावट जास्त असते, दुबळ्या जोड्या त्या भानगडीत पडत नाहीत. आपल्याकडच्या घरट्यांतून लोंबणाऱ्या चिंध्यांचा अर्थही तोच असेल असं लगेच म्हणू नये, पण लोंबणारी चिंधी दिसली की खाली थांबायला हरकत नाही.

कधी, काय दिसेल

मुंबईतल्या सगळ्या घारी एकाच मुहूर्तावर अंडी घालत नाहीत. भर जानेवारी-फेब्रुवारीत असतो, पण काही जोड्या आधी, काही नंतर. म्हणून मार्चमध्ये उडणारं पिल्लूही दिसेल आणि मे संपताना अजून घरट्यात बसलेलंही. साधारण अंडी दोन, कधी तीन. उबवण्याला महिनाभर किंवा त्याहून चार दिवस जास्त. त्यानंतर पिल्लू घरट्यात राहतं जवळजवळ दोन महिने. एखादीनं जानेवारीच्या शेवटी अंडी घातली असतील, तर पिल्लं एप्रिलच्या शेवटाला बाहेर पडतील असा हिशेब बांधायचा.

पहिले दोन-तीन आठवडे खालून काहीच दिसत नाही. आईची पाठ आणि तिची शेपटी, बस्स. कंटाळा येण्याचा काळ हाच, आणि बरेच लोक इथेच सोडून देतात. सतरा-एकोणीस दिवसांचं झालं की पिल्लू पायांवर उभं राहतं, आणि घरट्याच्या काठावरून एक करडं, भुरकट डोकं वर येतं. तीन आठवड्यांच्या आसपास अंगावर खरी पिसं फुटायला लागतात. महिन्याचं झालं की पंख फडफडवतं. पाचव्या आठवड्याच्या सुमारास आई-बापांनी टाकलेलं मांस पायाखाली धरून स्वतः फाडायला लागतं. हा बदल दुर्बिणीतून फार स्पष्ट दिसतो, कारण तोवर ते चोच उघडून नुसतं वाट बघत असतं.

दोन पिल्लं असतील तर त्यांच्यातली मारामारी बघायची तयारी ठेवा. थोरलं धाकट्याला टोचतं, खाणं हिसकावतं, आणि कधी धाकटं त्यात मरतंही. आई-बाप निष्ठुर असतात असं मात्र नाही. काही घरट्यांत मुद्दाम पिल्लं बदलून पाहिलं गेलं, तेव्हा मोठी घार लहान पिल्लाला झुकतं माप देताना आढळली.

पन्नास दिवसांनंतरचा आठवडा सगळ्यात बघण्यासारखा. पिल्लू घरट्यातून शेजारच्या फांदीवर उतरतं. परत घरट्यात. पुन्हा फांदीवर, या वेळी एक फांदी वर. वारा आला की पंख उघडून फांदी घट्ट धरून उभं राहतं, शरीर वर उचललं जातं, मग घाबरून पंख मिटतं. सकाळी वारा कमी असतो तेव्हा फांद्यांवर चालण्याचा सराव, आणि दहा-अकरानंतर समुद्रावरून वारा सुटला की पंखांचा. दुपारी बाराच्या उन्हात बहुतेक काहीच घडत नाही. पिल्लू सावलीत चोच उघडी ठेवून धापा टाकतं. मे महिन्यात ते नेहमीचंच आहे. मग चारनंतर पुन्हा हालचाल. माझं मत विचाराल तर कामावर जाणाऱ्यानं सकाळची पाऊण तासाची बैठक धरावी आणि रविवारी संध्याकाळ; याहून जास्त वेळ दिला तर घरचे लोक घारीवर राग काढतात.

पहिली भरारी बघायला मिळेलच असं नाही. ती दोन-तीन सेकंदांत होते, आणि बहुतेकदा ती भरारी नसतेच. समोरच्या झाडावर धपकन आदळणं असतं. उड्डाण येतं, उतरणं येत नाही. लँडिंग शिकायला पिल्लाला अधिक दिवस लागतात, आणि पार्किंगमधले, गच्चीवरचे, एसीच्या पत्र्यावरचे सगळे पाहुणे या काळातले असतात.

बाहेर पडलं म्हणून पिल्लू स्वावलंबी होत नाही. पुढचे काही आठवडे आई-बाप खाऊ घालतात, आणि खाणं देण्याची जागा अनेकदा घरटंच राहते. म्हणून रिकामं घरटं बघून निघून जाऊ नका. सकाळी-संध्याकाळी पिल्लं तिथे परततात. या दिवसांत घार लांब बसते. समोरच्या टॉवरच्या टोकावर, दोन इमारती पलीकडच्या अँटेनावर. खालून बघणाऱ्याला वाटतं पिल्लाला कुणी नाही. जनाबाईंचा घारीचा अभंग आपल्यातल्या कित्येकांना पाठ असतो. तो भक्तीचा आहे खरा, पण घार लांबून लक्ष ठेवते हे निरीक्षणही त्यात अगदी चोख आहे.

बघायचं कसं

८×४२ किंवा ८×४० दुर्बीण पुरते. १०×५० घेतलीत तर हात थरथरतो आणि गॅलरीच्या कठड्याला टेकावं लागतं. घरट्याच्या पातळीपेक्षा थोडं वर, रस्त्यापलीकडची खिडकी ही सर्वांत चांगली जागा. तीस-चाळीस मीटर अंतर ठेवा. घार सारखी तुमच्याकडे बघत ओरडत असेल, डोक्यावरून फेऱ्या घालत असेल, तर तुम्ही जास्त जवळ आहात, आत व्हा. फ्लॅश वापरू नका. ड्रोन तर अजिबात नको: घार त्यावर तुटून पडते, पंखाला पाती लागते, आणि मुंबईत परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हा पोलिसी मामला आहे.

साधी वही ठेवा. तारीख, वेळ, पिल्लं किती दिसली, काय खायला आणलं. काय आणलं हे लिहून ठेवलंत तर वस्तीचा नकाशा तयार होतो: मटणवाल्याकडचे तुकडे, बाजारातली बोंबील-बांगड्याची डोकी, उंदीर, सरडा, कधी कबुतराचं पिल्लू. नोंदी ई-बर्डवर टाकल्यात तर त्यात घरटं, घरट्यातली पिल्लं, उडालेली पिल्लं यांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. त्या जरूर भरा.

दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा पत्ता कुणाला सांगू नये, असं पक्षिमित्र सांगतात आणि ते बरोबर आहे. घारीच्या बाबतीत मी उलट सांगेन. इमारतीतल्या सगळ्यांना सांगा. वॉचमनला, झाडूवाल्याला, खालच्या इस्त्रीवाल्याला, केबलवाल्याला. शहरातल्या घरट्याला खरा धोका असतो तो ते घरटं आहे हे माहीतच नसलेल्या माणसाचा.

गच्चीवर वाळवण आणि डोक्यावर घार

नेमके हेच दिवस पापड-कुरडया-सांडगे-मिरच्या वाळवण्याचे. गच्चीच्या जवळ घरटं असेल आणि पिल्लं फांदीवर आली असतील, तर घार माणसावर झडप घालते. पापडासाठी नाही, पिल्लासाठी. ती मागून येते, डोक्याला पंख किंवा नख्या लागतात, ओरखडा येतो. ठरावीक माणूस ओळखून त्याच्याच मागे लागणं हेही घारीच्या बाबतीत पाहिलं गेलेलं आहे. तेव्हा 'मलाच का' म्हणणाऱ्या काकूंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका.

दिल्लीत घारींचे अभ्यासक निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्याजवळच्या हल्ल्यांचा अभ्यास केला. ज्या भागात उघडा कचरा आणि पुण्य म्हणून घारींना मांस टाकण्याची प्रथा जास्त, तिथल्या घारी माणसाला जास्त धीटपणे भिडतात, असं त्यात दिसलं. यातून घ्यायचं ते एवढंच: गॅलरीतून मांसाचे तुकडे उडवून घारींना बोलावू नका. बघायला मजा येते, पण भीड मोडलेली घार शेजाऱ्याच्या डोक्यावर बसते, आणि मग शेजारी बांबू आणतो.

उपाय साधा. छत्री उघडून जा. वाळवण सकाळी लवकर पसरा, संध्याकाळी उशिरा गोळा करा, शक्य असेल तर तीन आठवडे दुसऱ्या विंगची गच्ची वापरा. घारीकडे पाठ करू नका. ती समोरून क्वचितच येते. जिन्याच्या दारावर 'घारीची पिल्लं आहेत, छत्री घ्या' असा कागद लावा. ओरखडा आलाच तर साबणानं नीट धुवा आणि डॉक्टरला दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

खाली बसलेलं पिल्लू

आता मुख्य मुद्दा. जवळ जायच्या आधी दहा पावलांवर थांबून चार गोष्टी बघा. अंगभर पिसं आहेत का? ताठ बसलं आहे का? दोन्ही पंख सारखे मिटलेले आहेत का? तुम्हाला बघून ते सरकतं, चोच उघडतं, पाय पुढे करतं का? चारही उत्तरं होकारार्थी असतील तर ते पिल्लू ठणठणीत आहे. लोकांना मागे हटवा, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा, आणि आकाश मोकळं राहू द्या. गर्दी असेपर्यंत आई खाली येणार नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघायला हरकत नाही.

जागा धोक्याची असेल, म्हणजे गाड्यांच्या वाटेत, मांजरांच्या तावडीत, तर ते उचलून वर ठेवायचं. इमारतीची गच्ची, पार्किंगच्या शेडचा पत्रा, उंच कंपाउंडची भिंत. जिथून हाक ऐकू येते त्या झाडाच्या शक्य तितक्या जवळ. जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका, पंख अंगाशी दाबून धरा, आणि पाय टॉवेलमधून घट्ट धरा. घारीची चोच दिसते भयंकर, पण रक्त काढतात त्या नख्या. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, हा आपल्याकडचा जुना समज. त्यात तथ्य नाही. वर ठेवलंत की निघून जा.

पाणी पाजू नका. चोच उघडून ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. दूध, भिजवलेली पोळी, खिमा, काही नको. आणि 'दोन दिवस सांभाळून सोडतो' हे तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२खाली घार पाळणं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी आई-बापांकडून शिकायचे जे दिवस असतात ते घरातल्या खोक्यात वाया जातात.

मदत खरोखर लागते ती अशा वेळी: एक पंख लोंबतोय, रक्त आहे, पायात किंवा पंखात मांजा आहे, मांजरानं धरलं होतं, उभं राहता येत नाही, अंगावर मुंग्या-माश्या आहेत, किंवा पिसं न फुटलेलं, नुसत्या लवीचं पिल्लू खाली आलं आहे. तेव्हा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुनं कापड घालून, झाकण लावून, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. झाडावर किंवा तारेवर मांजात लटकलेल्या पक्ष्यासाठी अग्निशमन दलाला १०१वर कळवा. शिडी त्यांच्याकडेच असते, तुम्ही फांदीवर चढू नका. परळला आचार्य दोंदे मार्गावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळ आहे, ज्याला सगळं मध्य मुंबई 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ओळखतं. १८८३पासून ते जनावरांवर आणि पक्ष्यांवर उपचार करत आलं आहे. दुसरीकडे कुठे नेत असाल तर मांसाहारी पक्षी घेतात का, हे आधी फोनवर विचारा. दिल्लीतल्या ज्या दोन भावांवर शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२चा माहितीपट आहे, त्यांचं काम सुरू झालं ते याच कारणानं: मांस खाणारा पक्षी म्हणून जखमी घारीला दवाखान्यानं घेतलं नव्हतं.

छाटणी, मांजा आणि पाऊस

पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी एप्रिल-मेमध्ये जोरात असते आणि पिल्लं त्याच वेळी फांद्यांवर असतात. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी आवारातलं झाड छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घरटं दिसलं की आपल्या वॉर्डच्या उद्यान विभागाला फोटो आणि झाडाची नेमकी जागा लिहून पत्र द्या: गिरगावला डी वॉर्ड, दादर पश्चिमेला जी-उत्तर, दादर पूर्वेच्या कॉलन्यांना एफ-उत्तर, परळ-लालबागला एफ-दक्षिण. सगळी छाटणी थांबवा असं मागू नका. वाळकी, धोकादायक फांदी कापलीच पाहिजे. ती माणसावर पडते. मागायचं ते हे की घरट्याची फांदी आणि तिच्या लगतच्या एक-दोन फांद्या पिल्लं जाईपर्यंत सोडाव्यात. अशी नेमकी मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. सोसायटीच्या कंत्राटदारालाही हेच लेखी सांगा, आणि तो करवत घेऊन येईल त्या सकाळी कुणीतरी खाली उभं राहा.

मांजाचं गणित आणखी वाईट. मकरसंक्रांत येते ती घारी घरटी बांधत असताना. तुटलेला मांजा महिनोन्‌महिने झाडांवर लोंबतो, घार तो घरट्यात नेते, आणि पिल्लाच्या पायाला तो गुंडाळला जातो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. संक्रांतीनंतरच्या रविवारी गच्ची, अँटेना, गॅलरीचे गज आणि हात पोचतील त्या फांद्यांवरचा मांजा गोळा करून, बारीक तुकडे करून टाका. मुलांना या कामाला जुंपलंत तर ती आनंदानं करतात.

पावसाचा भरवसा नाही. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५मध्ये तो २६ मेलाच धडकला. अशा वर्षी उशिरा निघालेली पिल्लं भिजून खाली येतात. ओलं, थरथरणारं, पण जखम नसलेलं पिल्लू खोक्यात कोरडं होऊ द्या आणि पाऊस थांबला की वर नेऊन ठेवा. तासाभरात सावरलं नाही तर १९२६.

पहिल्या सरींनंतर संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळवीचे थवे जमिनीतून निघतात. त्या दिवशी घरात बसू नका. घारी जमतात, उडता उडता पायानं एकेक किडा पकडतात आणि उडतानाच पाय पुढे घेऊन चोचीत घालतात. फिकट ठिपक्यांची पिल्लंही त्यांत असतात. आत्ताआत्तापर्यंत दोन झाडांपलीकडे जाऊ न शकणारी ती पिल्लं किती किडे चुकवतात आणि किती पकडतात, ते मोजता येतं. मग जुलैपर्यंत ती पांगतात.

घरटं तसंच राहू द्या. घार पुढच्या वर्षी बरेचदा त्याच जागी येते आणि जुन्यावरच नव्या काटक्या रचते. इमारतीला रंग काढायचा असेल, टॉवरची दुरुस्ती असेल, झाडाची मोठी छाटणी करायची असेल, तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकून घ्या, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय दिवाळीआधी काढा. डिसेंबरात काढलात तर उशीर झालेला असतो.